इदवालची वही

एप्रिलचा पहिला रविवार, सहाला पाच कमी.
इदवालने फाटकाची दोरी सोडली,
आम्ही आत गेल्यावर मेंढ्यांसाठी पुन्हा बांधली
आणि आभाळाकडे न बघताच म्हणाला,
"आज चारही ऋतू भेटतील. टोपी घे."

पहिलं भेटलं ऊन.
ओढ्यातल्या दगडावर करडा धोबी
शेपटी खालीवर करत उभा,
कुणाचा तरी हिशेब चुकलाय
आणि कुणाचा ते फक्त त्यालाच ठाऊक.
माझ्या गळ्यात इदवालच्या बायकोची दुर्बीण.
पट्ट्याला तिने मारलेली गाठ आहे.
मला तो लांब होतो,
पण गाठ मी सोडवलेली नाही.

मग गारा.
डोंगरभर मेंढ्यांनी एकाच वेळी पाठी फिरवल्या.
आम्ही दगडी भिंतीला टेकून
एका झाकणातून आळीपाळीने चहा प्यायलो.
त्याने वही कोटाच्या आत, शर्टालगत धरली होती.
बेचाळीस वसंत आहेत तिच्यात.
बायको गेली त्या दिवसाचीही नोंद आहे:
थिरथिरा, नर, एक.
दुसरं काही नाही.
नियम एकच, स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच लिहायचं.
दुसऱ्याने सांगितलेला पक्षी वहीत उतरत नाही.

वर स्प्रूसच्या राईत पुन्हा ऊन,
झाडं ठिबकत होती,
आणि त्या ठिबकण्याच्या वर कुठेतरी
सुईच्या नेढ्यातून ओढून काढावा
तसा बारीक आवाज.
"गोल्डक्रेस्ट," मी म्हणाले.
वीस पेनीच्या नाण्याहून जेमतेम जड पक्षी.
इदवाल थांबला. तोंड किंचित उघडं.
"कुठे?"
"आत्ता. हा बघ, परत. परत."
तो झाडाकडे बघत नव्हता,
माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

गेल्या वर्षी इथेच म्हणाला होता,
गोल्डक्रेस्ट राहिले नाहीत, थंडीने मारले असतील.
मी मान डोलावली होती.
सहा वर्षं त्याच्या दारात पत्रं टाकते मी,
तेव्हापासून बेल दोनदा वाजवावी लागते,
हे मला तेव्हा जोडता आलं नव्हतं.

"गेल्या वर्षीही होते का गं?"
बोलायला हवामान भरपूर होतं.
पश्चिमेकडून एक काळा ढग तर
माझ्यासाठीच आल्यासारखा येत होता.
"होते," मी म्हणाले.

बर्फाचे चारदोन कण पडले,
पडण्याआधीच विरले.
त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला,
वही उघडली, तारीख घातली, गोल्डक्रेस्ट लिहिलं,
आणि पेन्सिल तशीच धरून राहिला.
मला वाटलं, आता खोडेल.
"लुएलिनमध्ये," त्याने विचारलं,
"तुमच्या घरात एल किती लिहितात?
तीन की चार?"
"चार."
चारही त्याने नीट, सुटे सुटे काढले.

उतरताना थिरथिरा दिसला नाही.
चौदाच्या आसपास येतो, म्हणाला,
अजून आठवडा आहे.
टोपी मी भिंतीपाशीच विसरले होते.