जांभळा पेन

हल्ली पेन आयोगाकडूनच येतो, सीलबंद.
जांभळी शाई. दुसरी चालत नाही.
मी झाकण काढून रद्दीवर एक रेघ ओढून बघते,
समोरच्याला देते, आणि परत मागून घेते.
आमदार असला तरी.
विशेषतः आमदार असला तर.

नऊ वाजता बसेस आल्या.
तीन दिवस हॉटेलात समुद्राकडे तोंड करून ठेवलेली माणसं
अत्तर लावून एकेक उतरली
आणि स्वतःच्याच विधान भवनात पाहुण्यासारखी चालत आली.

नावापुढे आकडा घाला. रोमन चालेल, मराठी चालेल.
बरोबरची खूण नको, सही नको, अक्षरी ‘एक’ नको.
घडी घालण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवा.
त्यालाच.

सातपुड्याकडचे बुरज्या मास्तर, पहिल्यांदाच आलेले,
त्यांनी फळ्यावर काढावा तसा गोलाईदार १ काढला,
प्रतिनिधीला दाखवला,
आणि मग कागद खिडकीच्या उजेडात तसाच धरला,
ओली पाटी वाळवतात तसा.
शेजारच्या टेबलावरून हरकत आली.
साहेबांनी कागद परत घेऊन मागे लिहिलं, रद्द.
“बाई, शाई ओली होती हो,” मास्तर मला म्हणाले.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

दोनशे अठ्ठ्याऐंशीतले दोनशे सत्त्याऐंशी उरले.
एकेका मताचे शंभर.
सहा जागा, म्हणून सातने भाग, वर एक:
चार हजार एकशे एक.
एवढ्यावर माणूस दिल्लीला जातो.

पहिल्याला बेचाळीस मतं. नव्व्याण्णव जास्त झाले.
जास्तीचे ठेवून घेता येत नाहीत, पुढच्या पसंतीला द्यावे लागतात.
(हा नियम मी आमच्या शिवडीच्या चाळीत
पाण्याच्या पिंपांसाठी सुचवून बघितला होता.)
नव्व्याण्णव भागिले बेचाळीस: दोन.
अपूर्णांक सोडून द्या.
म्हणजे चौऱ्याऐंशी पुढे गेले.
“आणि पंधरा?” नव्या पोराने विचारलं.
घोलप म्हणाला, “ते जातात.”
“कुठे?”
“जातात रे.”

ते वरचं सभागृह कधी बरखास्त होत नाही.
दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठतो,
खुर्च्या गार व्हायच्या आत दुसरे बसतात.
मी येत्या तीस तारखेला सबंधच उठणार आहे.
माझ्या टेबलाची दुसरी पसंती कुणी विचारलेली नाही.

रात्री पेन मोजून पाकिटात घातले, लाख लावली.
करंगळी जांभळी झाली होती.
बाहेर मंत्रालयाच्या थांब्यावर बस मिळाली,
पंधराचं तिकीट, माझी विसाची नोट.
“सुट्टे नाहीत, नंतर देतो,” कंडक्टर म्हणाला.
सीट रिकामी होती,
तरी शिवडी येईपर्यंत
मी त्याच्या शेजारी उभी राहिले.