अंगठा

नदी जिथे समुद्राला मिळते, त्या आमच्या ॲस्टोरियात
काहीच पुरतं वाळत नाही.
टॉवेल नाही, मीठ नाही, दारांच्या चौकटी नाहीत.
जानेवारीत तर भिंतीवरचं कॅलेंडरही पोक काढून बसतं.

रेइनो म्हणायचा,
गॅरेजमध्ये पाणी छपरातून येत नाही, उबेतून येतं.
गरम गाडी आत येते, तिच्यासोबत धुकं,
आणि रात्रभर गारठलेल्या लोखंडाला घाम फुटतो.
तो घाम पुसायला कुणी उठत नाही, आइली,
म्हणून लोखंड मरतं.

बेचाळीस वर्षं खेकड्यांच्या होडीवर काढलेली.
गंजाशी वैर तिथलं, घरी आणलेलं,
बुटांना चिकटून आलेल्या खवल्यांसारखं.

रायफल एक. नोव्हेंबरात आठवडाभर, एल्कसाठी.
जादा मॅगझिनं सात.
सात कशाला, हे मी एकदाच विचारलं.
होडीवर दोर किती असतात, मोजलेस कधी?
एवढंच म्हणाला, आणि परत चिंधीकडे वळला.

पुठ्ठ्याच्या खोक्यात नको, पुठ्ठा पाणी पितो.
कातडी पाकिटात तर मुळीच नको.
सिमेंटच्या जमिनीवर टेकवायचं नाही, खाली फळी हवी.
तेल? पावाला लोणी फासतेस तसं नाही गं!
चिंधीला तेल, चिंधी लोखंडाला,
आणि मग कोरडी चिंधी,
जणू लावलंच नव्हतं.
हिरवा पत्र्याचा डबा, झाकणाला रबरी पट्टी,
पट्टीवर माझा केस सापडला एकदा
तर तो उजेडात धरून मला दाखवला त्याने,
गुन्हा पकडल्यासारखा.

आणि हातमोजे. सुती, पांढरे.
उघड्या हाताने शिवायचं नाही.
माणसाच्या बोटांत समुद्र असतो, म्हणायचा,
धुतला तरी जात नाही.

दोन वर्षं झाली.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीच डबा उघडते.
कापडी पुरचुंडीतले दाणे निळे असले तर ठीक,
गुलाबी झाले की ओव्हनमध्ये, मंद आचेवर.
त्यांचा ट्रे वेगळा. त्यावर खिळ्याने त्याने कोरलंय: पाव नाही.
मी आयुष्यात गोळी झाडलेली नाही.

मार्लिस बॉइझीहून फोन करते. विकून टाक, आई.
बरोबर आहे तिचं.
म्हणून या वेळी सातही बाहेर काढली,
वर्तमानपत्रावर ओळीने मांडली,
आणि सातव्याच्या पाठीवर, खाली,
तपकिरी, नाण्याएवढा,
अंगठा.

रेषेत रेष. मध्ये भोवरा.
डाव्या कडेला ती आडवी फट,
गळ रुतला होता तिथली, सत्त्याऐंशी साली.

शेवटच्या शरदात त्याचे हात थरथरत.
मोजा चढवता आला नसेल.
किंवा चढवायचा राहिला.
किंवा, पण नाही, तो तसा माणूस नव्हता.

शेजारचा डेल डोकावला. चष्मा वर केला.
बारीक तारेचा बोळा घे, दोन थेंब तेल,
अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मी म्हटलं, हो.
तो जाईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसले.

त्याच्या सगळ्या वस्तूंतून त्याने स्वतःला पुसून काढलं होतं,
इतका नीटनेटका.
सुकाणू विकलं, कपडे चर्चला गेले,
उशीचा वासही या हवेने नेला.
ज्याला आयुष्यभर हाकललं
त्या गंजानेच तेवढा ठेवून घेतला.

सहा मॅगझिनं मार्लिसच्या यादीत लिहिली.
सातव्याला तेल लावलं, कडेकडेने,
ठशाला वळसा घालून,
श्वास रोखून, कारण श्वासही दमट असतो.
वाढू नये. पुसूही नये.
याची रीत मात्र त्याने सांगितली नव्हती.

दाणे आज गुलाबी आहेत.
ओव्हन लावते.