तुडूम

कुही तालुक्यात कुठंही विचारा:
कापगत्यांची बोडी, कापगत्यांची शाळा,
कापगत्यांच्या राइसमिलजवळचा थांबा.
उकंडा कापगते कुऱ्हाड आणि दोन हेले घेऊन आला
तेव्हा इथं माणूसच नव्हता, म्हणतात.
(माझा ढिवर खापरपणजा ओढ्यात जाळं टाकून बसला होता,
तो मोजण्यात आला नाही.)

पाळ त्यानं बांधली. माती आमच्यांनी वाहिली.
पुढं एक नातू सभापती झाला, एकानं मिल विकली,
एक दारूत, एक रायपूरला.
पाणी अजून त्यांच्याच शब्दावर चालतं:
आधी खालच्या बांध्या, मग वरच्या.
भांडण पेटलं तर "उकंडाबुवानं असंच ठरवलं" म्हटलं की
लोक बिडी पेटवतात.

तुडूम उघडायला मात्र त्या घरातलंच कोणी हवं.
उरली एकटी पंचफुला,
उमरेड डेपोत पास काढून देते.
अर्ध्या दिवसाची रजा टाकून येते,
पर्समध्ये नारळ, सँडल हातात.
औंदा म्हणाली, "काका, खुंटी तुम्हीच काढा,
माझी तीनची बस आहे."

उतरलो कमरेएवढ्या पाण्यात.
चाचपलं.
खुंटीवर अंगठ्याची खोबण होती, जुनी, झिजलेली.
माझ्याच मापाची.