ठसे

सव्वीस वर्षं मी मासे सोलले,
नदी समुद्राला मिळते तिथे, अ‍ॅस्टोरियात,
पाण्यातल्या खांबांवर उभ्या पत्र्याच्या कॅनरीत.
बर्फ, खारं पाणी, सुरी.
सुरी, खारं पाणी, बर्फ.
मग एका सोमवारी भोंगा वाजलाच नाही.
मालकाच्या पोराने आम्हा बायकांना एकेक पाकीट दिलं,
नजर वर न करता.

घरं विकायचा परवाना काढ, इल्मा म्हणाली.
धाकटी बहीण. तिला सगळंच सोपं वाटतं.
या गावातल्या प्रत्येक जिन्याची कुरकुर तुला ठाऊक आहे.
खरं होतं ते.
पण कुरकुरीवर प्रश्न नसतात.

दीडशे तासांचा अभ्यास.
स्वयंपाकघरात, रेनोच्या रिकाम्या खुर्चीसमोर
मी मोठ्याने वाचायचे:
बोजा म्हणजे काय. वहिवाट म्हणजे काय.
दुसऱ्याच्या जमिनीतून वर्षानुवर्षं जात राहिलं
आणि कुणी हटकलं नाही,
तर ती वाट आपली होऊ शकते.
इथे पेन्सिल खाली ठेवली.
त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही.

चतुःसीमेचा धडा आवडला.
जुन्या दस्तात लिहिलेलं असतं:
सीडरच्या बुंध्यापासून ओढ्यापर्यंत, तिथून पूर्वेला खडकाकडे.
झाड कधीच पडलेलं, ओढा सरकलेला,
तरी रेघ तिथेच आहे म्हणतात.
टक्केवारीची गणितं मात्र
जिवंत माशासारखी हातातून सुटायची.

मग बोटांचे ठसे.
पार्सलच्या दुकानात, मागच्या बाजूला एक यंत्र
आणि डेस्मंड नावाचा अदबशीर मुलगा.
काचेवर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा.
तर्जनी. पुन्हा.
दहाही बोटं झाली.
मॅडम, तो हळूच म्हणाला, इथे काही उमटतच नाहीये.

हातावरचं पोट.
पोटाने हातच खाल्ले होते,
बर्फाच्या चवीने, थोडे थोडे.

डेस्मंडने ड्रॉवरमधून मलम काढून दिलं.
आठवडाभर लावा, भांडी घासू नका.
लग्नानंतर पहिल्यांदाच
मी आठ दिवस हात जपले, मोजे घालून झोपले.
नवव्या दिवशी पडद्यावर फिकट रेघा आल्या,
ओहोटी वाळूवर ठेवून जाते तशा.
चालतील, डेस्मंड म्हणाला, माझ्याहून जास्त खूश होऊन.

परीक्षेच्या खोलीबाहेर खिसे उलटे करून दाखवावे लागतात.
माझ्याकडे खोकल्याची एक गोळी निघाली. तीही जप्त.

सेहेचाळिसावा प्रश्न:
घरात कुणाचा मृत्यू झाला असेल,
तर विकताना आपण होऊन सांगणं बंधनकारक आहे का?
उत्तर पाठ होतं. नाही.
मी होय वर बोट ठेवलं.

नापास. एका गुणाने.

अगं, कायद्याला विचारलंय, इल्मा फोनवर ओरडली,
तुला कुणी विचारलंय?

दुसऱ्या खेपेला तो प्रश्न पुन्हा आला, वेगळ्या शब्दांत.
मी नाही दाबलं.
काही झालं नाही.
पुढचा प्रश्न कुंपणाबद्दल होता.

पहिलं घर विकायला काढलं ते माझंच.
विकणारीच परवानाधारक आहे, हे कागदावर ठळक लिहावं लागतं.
ते लिहिलं.
एप्रिलात एक जोडपं आलं, तिला सातवा महिना.
मी सांगितलं, तिसरी पायरी कुरकुरते,
नळाला सकाळी आधी गंजाचं पाणी येतं.
वरच्या खोलीच्या खिडकीत
भरतीसाठी खोळंबलेली जहाजं दिसतात.
पाळणा इथे, ती म्हणाली.
नेमकी तीच जागा.
मी तोंड उघडलं.
सकाळी छान उजेड येतो, म्हणाले,
आणि आदल्या दिवशी रंगवलेल्या चौकटीला धरलं.

ते गेल्यावर पाहिलं, पांढऱ्या रंगात पाच बोटं,
एकेक रेघ मोजावी अशी.
पुसायला हवी होती.
घर स्वच्छ दाखवावं, हा पहिलाच धडा.