तिसरा गिअर

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गाडी विसरते, कुठे निघालो होतो.
अमर महालच्या चढावर इंजिन ओरडतं,
चाकांना ऐकू जात नाही.

कुर्ल्यात मुनीर मिस्त्री
गिअर-ऑइल दोन बोटांत चोळतो, हुंगतो.
"करपलंय," म्हणतो,
आमटीबद्दल बोलावं तसं.

बाकावर आणखी दोघं, याच मॉडेलवाले.
ब्रिटो म्हणतात, आमची रिव्हर्सच घेत नाही,
वॉचमन ढकलतो,
त्याला दिवाळी जास्त द्यावी लागते.
फणसळकर बाई गप्प.
बिल मांडीवर, दोनदा घडी घातलेलं.

"गिअरबॉक्स बदला, नाहीतर गाडी."
मी विचारलं, तिसरं काही?
मुनीर हसला. "तिसराच तर नाही, साहेब."

मग शिकलो.
चढाआधी पाय उचलायचा,
एक श्वास थांबायचं,
आत खट्‌ झालं की दाबायचं.
कुणाला सांगितलं नाही.

परवा मृण्मयी
मैत्रिणीची कोरी गाडी घेऊन आली,
मला चेंबूरला सोडायला.
चढावर तिनं पाय उचलला.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.
खट्‌ काही झालंच नाही;
आम्ही दोघंही
त्याचीच वाट बघत होतो.