हातचं राखून

ओकचं बूच सोलताना
कुऱ्हाड पूर्ण ताकदीनं कधीच घालायची नसते.
बावन्न वर्षांत हे मी चौदा पोरांना शिकवलं,
त्यातली तीन शिकली.
सालीत शिरताना पातं कोरडं वाजतं.
आतल्या थराला टेकलं की ओलं.
त्या ओल्याच्या केसभर आधी थांबायचं.
आतल्या थराला आम्ही आई म्हणतो.
तिला लागलं
तर त्या जागी झाड पुन्हा साल धरत नाही.

एव्होराच्या इस्पितळात
डॉक्टर किटेरिया फाल्काटो कागदावर अक्रोड काढतात.
"ही तुमची ग्रंथी, सिन्योर वेनान्सिओ.
दोन्ही अंगांनी नसा गेल्यात, जाळीसारख्या.
गाठ डावीकडे टेकलीय.
उजवीकडच्या वाचवीन. डावीकडचा शब्द देत नाही."
मी विचारलं,
आत कापताना आवाज बदलतो का?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कापतो तो रोबोटचा हात,
माझ्यापर्यंत काहीच ऐकू येत नाही.
मी डोळ्यांनी ऐकते.
तेवढ्यावर बाई मला पटली.

दुसरी वाट सुईची.
दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन,
वर किरणं, आठवड्यातले पाच दिवस, बसनं जाऊन-येऊन.
पुरुषपणाचा रस आटवला की गाठ उपाशी पडते.
आणि मी?
तुम्हीही थोडे, म्हणाल्या.
अवेळी घाम फुटेल. हाडं हलकी होतील.
छाती भरेल, कशानंही डोळे भरून येतील.
देओलिंदा शेजारच्या खुर्चीतून म्हणाली,
"म्हणजे माझी पन्नाशीच की.
ये बाबा. सोबतीला जरा उशिरा आलास."

दारूच्या गुत्त्यात दोन्ही वाटांचे वाटसरू बसतात.
झेफेरिनोनं कापून घेतलं.
तो आता हसण्याआधी मांड्या आवळतो,
आणि विनोद अंगावर आला की उठून बाहेर जातो.
आमादेउ सुईवर आहे.
शेजाऱ्याची खेचरी विकली गेली त्या दिवशी
टेबलावर डोकं ठेवून रडला,
खेचरी त्याची नव्हतीसुद्धा.
दोघंही मला म्हणतात, माझं कर.
दोघंही हे बोलताना ग्लासाकडे बघतात.

रात्री चादरीखाली तिचा हात माझ्या पोटावर.
"ते गेलं तर?" मी अंधाराला विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग तीच,
"तू घोरतोस, ते नाही ना काढत?"
आणि हात काढून घेतला नाही.

सोललेल्या खोडावर आम्ही वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतो,
पांढऱ्या रंगात, हातभर मोठा.
यंदाच्या झाडांवर पाच.
नऊ वर्षं त्यांना कुणी हात लावायचा नाही.
म्हणजे चौतीस साली.
बाईंना मी हाच आकडा विचारला होता, चौतीस.
म्हणाल्या, दोन्ही वाटा तिथवर नेतील, असं वाटतं,
फक्त चालणारा माणूस थोडा निराळा असेल.
वाटतं, म्हणाल्या. लिहून दिलं नाही.

काल ओढ्यापलीकडच्या झाडाकडे गेलो.
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा,
पाण्याचे घडे घेऊन ती बांधावर उभी,
आणि मी हातचं न राखता घाव घातला होता.
तळहाताएवढी जागा अजून उघडी आहे,
काळी, गुळगुळीत, थंड.
तिच्या भोवतीनं साल आलीय, कडेनं फुगून,
ओठ मिटल्यासारखी.
पाच वेळा सोललं हे झाड नंतर.
दर वेळी त्या जागेला वळसा घालून.
मालक कधी काही बोलला नाही.
झाडही.

मंगळवारी निर्णय सांगायचा आहे.
कागदावर दोन चौकटी आहेत, पेन देओलिंदाच्या पर्समध्ये.
त्याआधी बाईंना एकच विचारीन.
तुमच्या हाताखाली पोरं असतील शिकायला.
त्यातली किती शिकतात?