काटा

भरमाण्णा कणकुंबीहून पहिल्या गाडीने यायचा,
मांडीवर जर्मनचा डबा,
डब्यात जुन्या लुगड्याची चिंधी
आणि चिंधीत पाकोळ्यांची घरटी.
आमच्या शहापूरच्या दुकानात
सोन्याचांदीखेरीज काट्यावर चढलेली
तेवढीच एक वस्तू.

वेंगुर्ल्याचा व्यापारी वजनात मारतोय, म्हणायचा,
तुमच्या काट्याचा आकडा कागदावर लिहून द्या की.
वडील गुंजा मोजायचे, वंदू, यरडू, मूरू.
मोजताना ते नेहमी कानडी व्हायचे
आणि लिहायचे मराठीत.
अर्धा तोळा. कधी त्याला चार वाल कमी.
पिसं जास्त असली की भरमाण्णा ओशाळायचा,
जणू ती त्यानेच चिकटवली होती.

"कशाचं असतं हे?"
"थुंकीचं. पाखरू तोंडातनं तार काढतंय,
कातळाला लावतंय. काडी न्हाई, माती न्हाई.
आमी बांबूवर चढून काढतोय, आज्ज्यापासनं."
"आणि खातं कोण?"
त्याने मावळतीकडे हात केला.
"तिकडं लांब. दर्यापल्याड. आमी कुटं."

वडिलांचं आयुष्य फुंकणीत गेलं.
गाल फुगवून ज्योत वाकवायची,
डाख वितळेस्तोवर श्वास तुटू द्यायचा नाही.
त्या वर्षी तो अर्ध्यावर तुटू लागला.
भरमाण्णाने खोकला ऐकला, बोलला काही नाही,
सगळं तोलून झाल्यावर
एक घरटं पारड्यातच विसरला.

आईने ते रात्रभर भिजवलं.
सकाळी मी वडिलांच्या चिमट्याने
एकेक पीस वेचलं.
चूल परसात मांडली.
मासे खाणारं घर आमचं,
तरी हे कशात धरावं, आईला कळेना.
दूध, गूळ, वेलदोडा.
वाटीत काहीतरी ढगाळ हललं.
वडील प्यायले. मी चमचा चाटला.
गुळाची चव, आणि गुळामागे
ओल्या दगडाला जीभ लावावी तसं
काहीच नाही.

"बरं वाटतंय," वडील म्हणाले,
पुढच्या खेपेला, भरमाण्णाला.
आम्हाला असं कधी म्हणाले नाहीत.

मग डबा हलका होत गेला.
शेवटी आणली ती तिसऱ्यांदा बांधलेली,
नुसती पिसं, मध्ये मध्ये चिकटवण.
"तोंड सुकलंय त्येंचं," म्हणाला,
आणि ते वजन काही लिहून घेतलं नाही.
पुढे गाडी यायची, तो नाही.
वडीलही त्याच थंडीत.

परवा पेटी आवरताना
गुंजांच्या डबीत नखाएवढा तुकडा निघाला,
पिवळट, कडक.
जुना काटा पुसून एका पारड्यात तो ठेवला,
दुसऱ्यात एक गुंज.
पंखा बंद केला. श्वास धरून बसले.
खाली, वर, जरा खाली,
काटा काही थांबेना.